साठीनंतर जड वजन कसे उचलावे

साठी उलटली की घरातली माणसे हातातली पिशवी काढून घेतात. 'राहू द्या बाबा, मी नेतो.' माया असते त्यात, पण स्नायूंचे काम मात्र सुटते आणि न वापरलेला स्नायू झिजत जातो. वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला १९८९ साली 'सार्कोपेनिया' हे नाव मिळाले. ती बरीचशी भरून काढता येते. बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात ८६ ते ९६ वर्षांच्या १० जणांकडून ८ आठवडे मांड्यांचा भारी व्यायाम करून घेतला होता. १९९० मध्ये निकाल आला: पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली होती. नव्वदीत!

मात्र वजन तुमच्यासाठी जड असायलाच हवे. अर्ध्या किलोचे डंबेल वर्षभर हलवून हे साधत नाही.

आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, हर्निया असेल, नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल, तर त्यांनी होकार देईपर्यंत थांबा. हाडे ठिसूळ झाली असतील तर जाणकार प्रशिक्षक शेजारी हवाच.

पहिले दोन आठवडे फक्त खुर्ची. ती भिंतीला टेकवा, हात छातीशी घ्या आणि ८ वेळा उठा-बसा. धपकन बसू नका, मनात तीन आकडे मोजत टेका. दोन मिनिटे थांबून पुन्हा, असे तीनदा. सोपे वाटू लागले की छातीशी तांदळाची ५ किलोची पिशवी धरा.

आता खरे शिकायचे ते वाकणे. आपण जमिनीवरची वस्तू उचलताना पाठीची कमान करतो आणि तिथेच कंबर धरते. वाकायचे ते खुब्यातून. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल सोडा आणि नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. दोन्ही हातांत सामान असताना मागचे दार ढुंगणाने लोटतो ना, अगदी तसे. पाठ सरळ राहते का, हे बघायला पाठीवर उभी काठी धरा. ती डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे. जमले की भिंतीपासून थोडे आणखी पुढे सरका. मला हे अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. तोवर वजनाला हात लावला नाही, आणि तुम्हीही लावू नका.

मग तेलाचे मुठीचे दोन कॅन घ्या, ५-५ लिटरचे. त्यांत पाणी भरले की लिटरला किलो, हिशेब सोपा. सुरुवातीला ते जमिनीवर न ठेवता दोन्ही बाजूंना बुटक्या स्टुलांवर ठेवा. खुब्यातून वाका, मुठी घट्ट धरा, तळव्यांनी जमीन खाली दाबल्यासारखे करत उभे राहा. उठताना श्वास सोडा. तो कोंडून धरला तर रक्तदाब झपकन चढतो. खाली ठेवतानाही तितकेच सावकाश.

किती जड? आठव्या वेळेला 'अजून दोनदाच जमेल' असे वाटले पाहिजे. तिन्ही फेऱ्यांत १० वेळा नीट जमू लागले की एक-दोन किलो वाढवा. कॅन अपुरे पडले की जिममध्ये जा. तिथे वय पाहून फक्त ट्रेडमिलवर पाठवले, तर 'मला डेडलिफ्ट शिकायची आहे' असे स्पष्ट सांगा. खुब्यातून वाकून वजन उचलण्याच्या याच व्यायामाला तिथे डेडलिफ्ट म्हणतात.

आठवड्यातून दोन दिवस पुरतात, मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, ते ठीक. पण सांध्यात टोचणारी कळ आली, पायात मुंग्या उतरल्या, चक्कर आली किंवा छाती आवळल्यासारखी वाटली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठा.

खाण्याकडेही बघा. ६० किलोच्या माणसाने या वयात रोज ६० ते ७० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, आणि पातळ वरणाच्या वाटीने ती भरत नाहीत. मटकी, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे यांतले काहीतरी दोन्ही जेवणांत हवे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

एक वही ठेवा: तारीख, किती किलो, किती वेळा. तापाने किंवा प्रवासाने दोन-तीन आठवडे खंड पडला, तर वहीतल्या शेवटच्या आकड्याच्या निम्म्यापासून पुन्हा सुरू करा.