तिबेट शिकवायचा तर आधी वऱ्हाड काढा

हिवाळ्यात तेव्हाच्या औरंगाबादेत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागायची. वेरूळची सहल उरकून येताना आम्ही तिथं तासभर थांबलो. नववीतल्या एका पोरानं बरीच घासाघीस करून निळं स्वेटर घेतलं आणि बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. "मॅडम, यांच्या देशावर पण इंग्रजांचं राज्य होतं का?" हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर तेही खोटं. मी अंबाजोगाई येईपर्यंत बोलत होते. पोरगं मांजरसुंब्यालाच झोपलं होतं.

म्हणजे माझंच सांगणं चुकत होतं. पुढं बरीच वर्षं इंग्रज आणि तिबेट यांचा हा धडा वेगवेगळ्या तऱ्हांनी घेऊन पाहिला. जी तऱ्हा बसली ती नव्या शिक्षकांसाठी आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांसाठी लिहून ठेवते.

पहिल्या तासाला तिबेटचा नकाशा लावू नका. वऱ्हाडाचा विषय काढा. आमचं अंबाजोगाई तेव्हाचं मोमिनाबाद. इथं आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. फौज इंग्रजांच्या हुकमातली, खर्च निजामाच्या माथी. खर्च थकला, थकबाकीचं कर्ज झालं आणि १८५३ मध्ये निजामाला त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांकडं सोपवावं लागलं. सोबत धाराशिव आणि रायचूर दोआबही गेले, ते १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मात्र सुटलं नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झननं ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं पट्ट्यानं लिहून घेतलं. लेकरांना हे लगेच कळतं, कारण सावकार आणि गहाणखत घराघरात माहीत आहे.

आता फळ्यावर शेजारीच १९०४ लिहा. याच कर्झननं यंगहजबंड या अधिकाऱ्याला फौजेसह तिबेटात पाठवलं. ल्हासाला ७ सप्टेंबर १९०४ रोजी करार झाला. त्यात तिबेटवर ७५ लाखांची खंडणी बसवली, वर्षाला १ लाख, म्हणजे ७५ वर्षं. ती फिटेपर्यंत सिक्कीम आणि भूतान यांच्या मधलं तिबेटचं चुंबी खोरं इंग्रजांच्या ताब्यात. इथं थांबा आणि वर्गाला विचारा, हे कुठं ऐकलंय? मागच्या बाकावरून उत्तर येतं. लंडनला ही अट जास्त वाटली म्हणून रक्कम २५ लाखांवर आली. वऱ्हाडाचा आकडाही २५ लाखच. निव्वळ योगायोग आहे, पण पोरांच्या ध्यानात राहतो. ते पैसे शेवटी चीननं ३ हप्त्यांत भरले आणि १९०८ मध्ये चुंबी सुटलं. चीननं का भरले, हा प्रश्न घरी विचार करायला द्या. दुसऱ्याच्या शेताचा सारा कोणी धर्म म्हणून भरत नसतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. यात मी स्वतः आपटले आहे. सुरुवातीची ३-४ वर्षं मी सार्वभौमत्व आणि अधिसत्ता हे शब्द एकाच अर्थानं वापरले, वर्गभर गोंधळ माजवला आणि उत्तरपत्रिकांत तोच गोंधळ परत आला तेव्हा पोरांवर चिडले. सार्वभौमत्व म्हणजे आपल्या वर कोणीच नाही. अधिसत्तेसाठी निजामाचं उदाहरण घ्या. हाली सिक्का त्याचा, टपाल त्याचं, आणि हैदराबादेत रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, इंग्रजांचा. १९२६ मध्ये निजामानं बरोबरीची भाषा केली तर व्हाइसरॉय रीडिंगनं स्पष्ट कळवलं की हिंदुस्थानात इंग्रजी सत्ताच सर्वश्रेष्ठ. याला म्हणायचं अधिसत्ता: घर तुमचं, कारभार तुमचा, पण वर कोणीतरी बसलेला. तिबेटच्या वर चीनची अशी अधिसत्ता आहे, असं इंग्रज कागदावर मानत. कर्झनला मात्र ती निव्वळ कागदी वाटायची. सोयीनं मानायची, सोयीनं सोडायची, असं ते धोरण होतं.

मग खुर्च्या मांडा. तीन खुर्च्या: इंग्रज, चीन, तिबेट. तीन पोरं उभी करा आणि एकेक करार वाचा. ज्याचा माणूस करारात आहे तो बसेल. १८९०, कलकत्ता, सिक्कीम-तिबेट सीमेचा करार: इंग्रज आणि चीन बसले, ज्याची सीमा तो उभाच. १९०४: तिबेट बसला, पण दलाई लामा मंगोलियाकडं निघून गेलेले, सही गांदेन मठाच्या मुख्य लामांची; चीनचा अंबान, म्हणजे प्रतिनिधी, ल्हासातच होता, त्यानं सही केली नाही. १९०६: इंग्रज आणि चीन. १९०७ ला चौथी खुर्ची आणावी लागते, कारण रशिया येतो. इंग्रज आणि रशिया आपसात ठरवतात की तिबेटशी बोलायचं ते चीनमार्फत. चीन आणि तिबेट दोघंही उभे. १९१४, सिमला: इंग्रजांचे मॅकमहोन, तिबेटचे लोन्चेन शत्रा आणि चीनचे आयव्हन चेन असे तिघं बसतात. चेन एप्रिलमध्ये मसुद्यावर आद्याक्षरं करतात, त्यांचं सरकार लगेच झटकून टाकतं. मॅकमहोन रेषा, म्हणजे हिंदुस्थान-तिबेट सीमा, तर त्याआधीच, मार्चमध्ये, इंग्रज आणि तिबेट यांनी पत्रं देऊन-घेऊन ठरवलेली. तिबेट झालेला पोरगा पाय दुखतात म्हणून कुरकुरतो. कुरकुरू द्या.

१९०४ च्या मोहिमेतली, तिबेटातल्या गुरू या ठिकाणची लढाई थोडक्यात सांगा. ३१ मार्चला तोड्याच्या बंदुका घेतलेल्या तिबेटींवर मॅक्झिम तोफा (म्हणजे मशीनगन) चालल्या, ६०० वर माणसं गेली. पोरांना तोफांचं वर्णन हवं असतं. त्याऐवजी हे सांगा की गोळ्या झाडणाऱ्यांत शीख आणि गुरखा पलटणी होत्या. वर्ग गप्प होतो.

एवढं जड झालं की बाहेर काढा लेकरांना. तुळशीची १०८ मण्यांची माळ घ्या, ८ मणी दोऱ्यानं गच्च बांधून टाका. राहिले १००. नैनसिंग रावतची माळ अशीच होती. परक्यांना ल्हासाची वाट बंद, म्हणून इंग्रजांच्या सर्व्हेवाल्यांनी, नकाशे करणाऱ्या खात्यानं, कुमाऊँच्या या मास्तराला (हो, तोही आपल्यातलाच) यात्रेकरू म्हणून पाठवलं. दर १०० पावलांना एक मणी ओढायचा, २,००० पावलांचा मैल, म्हणजे माळ फिरली की ५ मैल. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींचे कागद. १८६६ च्या जानेवारीत तो ल्हासाला पोचला. आमच्या शाळेच्या फाटकापासून योगेश्वरीच्या देवळापर्यंत पोरांनी मोजलं तेव्हा १,६४० पासून २,११० पर्यंत आकडे आले. एकानं वाटेत भेळ खाल्ली, त्याचा हिशेब वेगळाच. मग सांगा की नैनसिंगला डेहराडूनला आधी एकसारखं पाऊल टाकायलाच शिकवलं होतं, चढ असो की उतार.

सुरुवात गोडीत झाली होती, हेही सांगायला विसरू नका. १७७४ मध्ये तिबेटातले दुसरे मोठे धर्मगुरू पंचेन लामा यांचं पत्र घेऊन पुरणगीर नावाचा गोसावी कलकत्त्याला आला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं बोगल या कंपनीच्या माणसाला पंचेन लामांच्या भेटीला धाडलं. वाटेत बटाटे लावत जा, अशी सूचनाही दिली. गोसावी म्हणजे भिक्षा मागणारा, असं आपल्या पोरांना वाटतं. तेव्हाचे गोसावी व्यापारी होते, सावकारी करत, हिमालय ओलांडून जात. ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी सांगते, म्हणजे पोरं स्वतःच विचारतात की मग बिनसलं कुठं.

अभ्यासिकेतल्यांसाठी एक जादा सूचना. करारांचे जुने संग्रह वाचताना छापल्याचं साल तपासा. एचिसनच्या संग्रहाचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या करारांच्या अधिकृत संग्रहाचा, तिबेटचा खंड १९२९ मध्ये निघाला, त्यात सिमल्याचा करार नव्हता. १९३८ मध्ये तो घालून खंड पुन्हा छापला, वर साल १९२९ च ठेवलं आणि जुन्या प्रती परत मागवल्या. एक प्रत हार्वर्डला राहून गेली म्हणून हे उघड झालं. ज्यानं तलाठ्याकडं मागच्या तारखेचा फेरफार पाहिलाय त्याला आणखी समजवायची गरज नाही. आणि चीनच्या अधिसत्तेची जुनी भूमिका ब्रिटननं कधी सोडली? २९ ऑक्टोबर २००८. हे साल बहुतेकांच्या टिपणात नसतं.

चाचणीत मी तो बसमधलाच प्रश्न ५ गुणांना घालत असे: तिबेटवर इंग्रजांचं राज्य होतं का? नुसतं हो किंवा नाही लिहिणाऱ्याला शून्य. एका मुलीनं लिहिलं होतं, "राज्य नव्हतं, गहाणखत होतं," आणि खाली पाचही करार मांडले होते. तिला साडेचार दिले. १९०६ च्या जागी १९०५ लिहिलं होतं, त्याचा अर्धा कापला.