सिग्नलला ब्रेक किंचाळतोय? पॅड मागवण्याआधी हे तपासा

गाडी आत आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पेडलवर पाय ठेवल्यावर वाजतं, की पाय काढल्यावर? बऱ्याच जणांना याचं उत्तर लगेच देता येत नाही. "सिग्नलला वाजतं, सोसायटीच्या गेटमध्ये वाजतं, हायवेला काही नाही," एवढंच सांगतात. आणि तेवढ्यावर ब्रेक पॅडचा नवा सेट मागवून मोकळे होतात. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस किंवा बीएमडब्ल्यू एम३४० आयचा सेट स्वस्तात येत नाही. शिवाय आवाजाचं मूळ पॅडमध्ये नसेल तर नवा सेटही थोड्याच दिवसांत तसाच ओरडायला लागतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी अर्धा तास कान द्या.

मी पुण्यात सातारा रोडला वर्कशॉप चालवतो. काम जास्त करून पळणाऱ्या गाड्यांचं. रविवारी ताम्हिणी किंवा वरंधा घाट करून आलेल्या गाड्या सोमवारी सकाळी दारात उभ्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच ब्रेकच्या आवाजासाठी आलेल्या असतात. खाली लिहिलंय ते मी रोज ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने.

आधी हा आवाज कमी वेगातच का येतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ब्रेक लागतो तेव्हा पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो. वेग जसा कमी होतो तशी बऱ्याच पॅडची पकड वाढत जाते, आणि चिकटण्या-सुटण्याचा हा खेळ जोर धरतो. त्यातून डिस्क आणि पॅड मिळून सेकंदाला एक हजारापासून दहा-पंधरा हजारांपर्यंत कंपनं करायला लागतात. फळ्यावर खडू उभा धरला की जो आवाज निघतो, त्याच जातीचा हा. हलक्या पायाने ब्रेक लावला की पॅड घट्ट बसत नाही, त्याला थरथरायला मोकळीक मिळते. ऐंशीच्या वेगात असलाच आवाज आला तरी टायर, वारा आणि एक्झॉस्टमध्ये तो बुडून जातो.

परफॉर्मन्स पॅडचं आणखी एक आहे. त्यांच्या मसाल्यात, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या थरात, धातूचं प्रमाण जास्त, आणि ते गरम झाल्यावर चांगले चालतील असे बनवलेले असतात. सकाळी बेसमेंटमधून थंड गाडी बाहेर काढताना ते किंचाळले तर त्यात बिघाड असेलच असं नाही. कार्बन सिरॅमिक डिस्कच्या गाड्यासुद्धा थंड असताना ओरडतात, तिथे तर किंमत लाखांत असते.

कान कसा द्यायचा

दोन्ही बाजूंना भिंत असलेली गल्ली किंवा पार्किंगचा रॅम्प शोधा. काचा खाली, एसी आणि गाणी बंद. चालत्या माणसाच्या वेगाने गाडी न्या. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे डावं की उजवं हे लगेच कळतं. शेजारी कोणी मोबाइलवर रेकॉर्डिंग करत असेल तर उत्तम. नंतर हेडफोन लावून ऐकलं की गाडीत न जाणवलेले आवाजही सापडतात.

आता पेडल अगदी हलकं दाबा. दाबल्यावर "चीं" सुरू झाली आणि जोरात दाबल्यावर थांबली, तर मामला पॅड आणि डिस्कमधला आहे. उलट पाय काढलेला असताना चाकाच्या फेऱ्यांबरोबर "किर्र... किर्र..." येतंय आणि पेडलला पाय लागताच बंद होतंय, तर पॅड मागे हटत नाहीये, डिस्कला घासत राहिलाय, किंवा पॅड धरणारी क्लिप ढिली पडून पॅड नुसता थरथरतोय. पेडल दाबा, सोडा, आवाजात काहीच फरक नाही? मग ब्रेक सोडून दुसरीकडे बघा. स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर आवाज बदलला तर बेअरिंग किंवा डिस्कमागचं पत्र्याचं कव्हर.

या पत्र्याच्या कव्हरची तपासणी मी कधी टाळत नाही. पावसाळ्यानंतर घाटातल्या रस्त्यांवर सुटी खडी असते. डाळीएवढा एक खडा कव्हर आणि डिस्कच्या मधे अडकला की असा कर्कश आवाज येतो की मालकाला वाटतं पॅड लोखंडापर्यंत गेले. कधी गाडी थोडी पुढे-मागे केली की खडा पडतो. नाहीच पडला तर चाक काढून कव्हर बोटांनी डिस्कपासून दोन मिलिमीटर दूर ओढायचं, खडा खाली येतो. खर्च शून्य.

मागच्या चाकांसाठी हाताच्या हँडब्रेकच्या गाडीत एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या जागेत, दहाच्या वेगात, लिव्हरचं बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढा. तोच आवाज आला तर मागचे ब्रेक. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत हा प्रयोग करू नका.

रिव्हर्समध्येही ऐका. उलट दिशेला पॅडची दुसरी कड पुढे येते, त्यामुळे फक्त रिव्हर्समध्ये ओरडणारी गाडी मी सहसा उघडतही नाही. दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला एकच "टक" आला तर पॅड आपल्या खाचेत सरकतोय. कॅलिपर म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा सांगाडा; मोठ्या फिक्स, म्हणजे जागचा न सरकणाऱ्या, कॅलिपरमध्ये हे नेहमीचं आहे. आणि ऑटोमॅटिक गाडीत सिग्नल सुटताना पेडल हळू सोडलं की "घूंऽऽ" असा खालच्या पट्टीतला आवाज येतो. इंजिन गाडी ओढतंय आणि पॅड धड धरतही नाही, धड सोडतही नाही, म्हणून तो येतो. पाय झटकन पूर्ण उचला, आवाज गेला. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

धुतलेली किंवा रात्रभर पावसात उभी असलेली गाडी सकाळी खरखरते, ती डिस्कवर धरलेल्या गंजामुळे. चार-पाच ब्रेकमध्ये साफ होतं. दहा किलोमीटर चालवूनही गेलं नाही तरच पुढे वाचा.

चाक काढल्यावर

सपाट जागा, गाडी जॅक स्टँडवर, उरलेल्या चाकांना ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीजवळ डोकं नेऊ नका. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, मास्क घाला आणि ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. काढलेला कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

पॅडची जाडी आधी बघा. नवीन असताना पुढच्या पॅडवर साधारण दहा-बारा मिलिमीटर मसाला असतो. तीन राहिला की बदलायचाच. घाटात जोरात चालवणाऱ्याला मी पाचलाच बदलायला लावतो, कारण पातळ पॅड उष्णता लवकर पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे पोचवतो. जपानी आणि कोरियन गाड्यांच्या पॅडला बहुतेक वेळा एक छोटी पोलादी पट्टी असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. जर्मन गाड्यांत त्या कामासाठी वायर असते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो, म्हणून तिथे किंचाळणं म्हणजे पॅड संपले असं समजू नका. पॅड काढताना तो कुठल्या चाकाचा, आतला की बाहेरचा, हे मार्करने पाठीवर लिहून ठेवा.

मागे एक ऑक्टाव्हिया आरएस आली होती. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये पुढचे पॅड नुकतेच टाकलेले, तरी उजवीकडून सतत चीं. उघडून पाहिलं तर बाहेरचा पॅड सारखा झिजलेला आणि आतला तिरका, वरच्या टोकाला जाड आणि खालच्या टोकाला पातळ. पाठीवरची शिम, म्हणजे आवाज गिळणारी रबर-पत्र्याची पातळ चकती, एका कोपऱ्यातून सुटून वर वळलेली. मूळ होतं कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या खालच्या पिनमध्ये. तिच्यावर कुणीतरी चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस चोपडलेलं. पेट्रोलियमच्या ग्रीसने ब्रेकमधलं रबर फुगतं. तसं ते फुगलं होतं आणि पिन हाताने हलत नव्हती. कॅलिपर नीट सरकेना, मग पॅड तिरका दाबला जाणारच ना! रबर बदललं, पिन साफ केली, नवी शिम आणि नवे पॅड टाकले. गाडी गप्प झाली.

म्हणून पिन तपासा. साध्या सरकत्या कॅलिपरच्या दोन्ही पिन बोटाने ढकलल्या की आत-बाहेर व्हायला हव्यात. ग्रीस फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिरॅमिकचं वापरा. पण काही कॅलिपरमध्ये, विशेषतः रबरी बुशमध्ये चालणाऱ्या पिनांच्या, कंपनी पिन कोरडीच ठेवायला सांगते, तेव्हा मॅन्युअल बघून मगच लावा. एम३४० आयला पुढे चार पिस्टनचे फिक्स कॅलिपर आहेत, त्यांत सरकत्या पिना नाहीतच. तिथे पॅड धरणाऱ्या पिना, त्यांच्यावरची पत्र्याची स्प्रिंग आणि पॅडची कड जिथे टेकते ती जागा साफ करायची. चारही पिस्टन सारखे मागे जातात का तेही बघा.

पॅडचे कान ज्या क्लिपमध्ये बसतात त्यांच्याखाली गंज धरतो, फुगतो, आणि पॅड आवळून धरतो. वायर ब्रशने तो पूर्ण काढा. नव्या क्लिपा थोडक्या पैशांत मिळतात, पॅडबरोबर त्या बदलाच. कानांना आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे अगदी पातळ, पुसल्यासारखा सिरॅमिक ग्रीसचा थर. डिस्कला लागणाऱ्या बाजूवर थेंबही जाता कामा नये. आवाज थांबवायला डिस्कवर तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून हे कधीही करू नका. ब्रेकच लागणार नाही. तेल प्यायलेला पॅड फेकून द्यावा लागतो.

पॅडचा चेहरा आरशासारखा चकाकतोय? तो ग्लेझ झालाय. मास्क लावून, जाड काचेवर ऐंशी-शंभर नंबरचा एमरी पेपर पसरून पॅड त्यावर सपाट घासा, चकाकी जाईपर्यंत. पुढची कड एकदम काटकोनी असेल तर कानसने थोडी तिरकी करा. ती कड डिस्कमध्ये रुतते आणि तिथूनच थरथर सुरू होते. बऱ्याच पॅडना ही तिरकी कड कंपनीतूनच असते.

डिस्कवर बोट फिरवा. काठाला उंच कंगोरा, खोल चर, निळे डाग, सगळं टिपून ठेवा. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर लेथवर घासून घेण्याचा विचारही नको, नवी घ्या. डायल गेज असेल तर डिस्कची लचक, म्हणजे फिरताना ती किती डोलते ते, मोजा. ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर समाधान. जास्त आली तर डिस्कला दोष देण्याआधी डिस्क ज्यावर बसते त्या हबचा गंज साफ करून परत मोजा. नुसत्या त्या गंजाने लचक दाखवणाऱ्या कितीतरी डिस्क मी वाचवल्यात. भोकांच्या किंवा चरांच्या डिस्कवर ब्रेक लावताना हलकी घरघर येणारच, ती त्यांच्या घडणीतलीच आहे.

बसवून झालं की चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिलं पेडल थेट तळाला जातं. कितीही घाई असली तरी हे विसरू नका.

पॅड बसवणं आणि पॅड मुरवणं वेगळं

नव्या पॅडच्या आवाजाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि वर्कशॉपमधून बाहेर पडताना ते कुणी सांगत नाही. पॅडचा मसाला डिस्कवर पातळ, सारखा थर म्हणून बसायला हवा. तो बसला नाही तर शहरातल्या हलक्या ब्रेकमध्ये जागोजागी ठिगळं पडतात. पहाटे रिकामा सरळ रस्ता गाठा, आरशात मागे कुणी नाही ना बघा. ऐंशीवरून पंधरापर्यंत बऱ्यापैकी दाबून वेग उतरवा, एबीएस लागू न देता, गाडी पूर्ण थांबू न देता. परत वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. वास येईल, थोडा धूरही दिसेल. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता गाडी चालवून गार करा. तापलेल्या पॅडवर सिग्नलला पाय दाबून उभे राहू नका, डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि नंतर तिथेच धक्के बसतात. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत छापली असेल तर तीच पाळा.

एवढं सगळं नीट असूनही गाडी थंडपणी ओरडत असेल तर पॅडच तुमच्या रोजच्या रस्त्यासाठी नाहीत. माझं मत स्पष्ट आहे : कोथरूड ते हिंजवडी ये-जा आणि महिन्यातून एखादा घाट, एवढंच असेल तर कंपनीचे मूळ पॅड किंवा चांगले रस्त्याचे पॅड पुरतात. रेसिंग ट्रॅकचे पॅड थंड असताना कमी धरतात. सकाळी शाळेच्या दारात कुणी पोर आडवं आलं तर तो फरक आवाजापेक्षा फार महाग पडेल.

चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइम्बतूरच्या करीच्या ट्रॅकवर खरोखर जाणाऱ्यांनी दोन सेट ठेवावेत. ट्रॅकचा सेट निघण्याच्या आदल्या आठवड्यात टाकायचा, परत आल्यावर काढायचा. प्रत्येक पॅड पुन्हा त्याच जागी जावा म्हणून पाठीवर मार्करने लिहिलेलं इथे कामाला येतं. दोन सेटचे मसाले वेगळे असतील तर अदलाबदलीच्या वेळी डिस्क एमरीने आडवी-तिरपी घासून ब्रेक क्लीनरने पुसा आणि नवा थर परत मुरवून घ्या. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यांना मी डिस्कचाही वेगळा जोड ठेवायला सांगतो, म्हणजे ही घासाघीस करावीच लागत नाही.