मुरमाच्या ट्रॅकवरची कार रेस: भांडणं लावणाऱ्या या चुका टाळा

वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीमुळे आपल्याकडे, छत्रपती संभाजीनगर भागात, वेल्डर, फिटर, डेंटर यांना तोटा नाही. जुनी मारुती ८०० सोलायची, आत रोल केज, म्हणजे ड्रायव्हरला वाचवणारा पाइपांचा पिंजरा, जोडायचा आणि पडीक रानात मुरूम दाबून केलेल्या लंबगोल ट्रॅकवर उतरवायची, एवढं कसब इथल्या पोरांच्या हातात आहे. अडतं ते पुढे. तिसऱ्या लॅपला दोन गाड्या घासतात, एक गरकन फिरून बाहेर जाते आणि मग अर्धा तास नुसती हुज्जत. चूक कुणाची हे कशावरून ठरवायचं, तेच कुणी आधी ठरवलेलं नसतं. धडक तर छोट्या ट्रॅकवर होणारच, पण मनं कलुषित होतात ती या गोंधळामुळे.

वळणावर हक्क कुणाचा, हे मोघम ठेवणं

"तो आतून घुसला" आणि "यानं दार लावलं" (म्हणजे वाट अडवली) ही दोन्ही वाक्यं एकाच धडकेबद्दल ऐकायला येतात आणि दोघंही खरं बोलत असतात. म्हणून मोजता येईल असा नियम हवा. पुढचा ड्रायव्हर वळणासाठी स्टिअरिंग फिरवतो त्या क्षणी मागच्याचं पुढचं चाक त्याच्या दारापर्यंत पोचलं आहे का, एवढंच बघा. पोचलं असेल तर पुढच्यानं आत एका गाडीची जागा सोडायचीच. पोचलं नसेल तर ब्रेक मागच्यानं मारायचा. सरळ पट्ट्यावर जागा राखायला पुढच्याला एकदाच दिशा बदलता येते, उजवीकडे-डावीकडे हेलकावे चालत नाहीत. हे शेवटचं एफआयए या मोटार रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतच आहे.

धडकेनंतर गाड्या लगेच टो करू नका आणि डेंटरला हात लावू देऊ नका. पत्रा साक्ष देतो. मागच्या चाकाच्या पाठीमागे, बंपरच्या कोपऱ्याजवळ पोचा पडला असेल आणि दुसऱ्या गाडीच्या बंपरच्या टोकाला तोच रंग लागला असेल, तर ती गाडी मागून ढकलून फिरवली गेली असण्याची शक्यता मोठी. दारावर लांबट, आडवा ओरखडा असेल तर दोघं बरोबरीनं होते, म्हणजे जागा कुणी सोडली नाही हा प्रश्न. पुढच्या चाकामागच्या पत्र्यावर खोल खड्डा असेल तर दुसरा उशिरा ब्रेक मारून आत आदळला असावा. ही खूण एकटी पुरेशी नाही, तिला व्हिडिओची जोड द्या. पण कडेच्या गर्दीतून झूम करून काढलेला मोबाईलचा व्हिडिओ मान्य करू नका, त्यात दोन गाड्यांमधलं अंतर आहे त्यापेक्षा कमी दिसतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा मचाणावर, उंचावर, प्रत्येक वळणाला एक कॅमेरा कायमचा लावा आणि तोच ग्राह्य धरा.

अमेरिकेची दिशा जशीच्या तशी उचलणं

तिकडच्या लंबगोल ट्रॅकवर गाड्या घड्याळाच्या उलट दिशेनं पळतात आणि ड्रायव्हर डावीकडे, म्हणजे आतल्या बाजूला, बाहेरच्या भिंतीपासून लांब बसतो. आपल्या गाडीत तो उजवीकडे. त्याच दिशेनं पळवलं तर आपला ड्रायव्हर भिंतीच्या बाजूला येतो आणि आतून येणारी गाडी त्याला धड दिसतही नाही. मग "मला दिसलाच नाही" हे कारण खोटं म्हणता येत नाही. आपल्याकडे घड्याळाच्या दिशेनंच पळवा. निम्मे आरोप कमी झाले नाहीत तरी बरेच होतील असं माझं मत आहे.

धुळीत झेंडा हलवणं

पिवळसर मुरमाच्या धुळीत पिवळा झेंडा विरघळून जातो. ड्रायव्हरला झेंडा दिसला नाही तर त्याला दंड करणं अन्याय आहे आणि दिसूनही त्यानं ओव्हरटेक केलं तर सोडणं त्याहून मोठा अन्याय. झेंडेवाल्याची जागा वारा येतो त्या बाजूला ठेवा, झेंड्यासोबत लुकलुकणारा दिवा लावा आणि दोन हीटच्या (फेऱ्यांच्या) मध्ये पाणी मारा. पाण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. उन्हाळ्यात गावाला टँकरनं प्यायचं पाणी येत असताना ट्रॅकवर टँकर रिकामा करायचा नाही. रेस नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या, विहिरींना पाणी असतं आणि उन्हाचा तापही नसतो.

झेंड्यांचे अर्थ सकाळच्या मीटिंगमध्ये प्रत्येक ड्रायव्हरकडून वदवून घ्या. एक पिवळा हलला की वेग कमी, ओव्हरटेक बंद, पुढचा हिरवा दिसेपर्यंत. दोन पिवळे हलले की थांबायचीही तयारी. काळा-पांढरा तिरका झेंडा नंबरसह दाखवला की ती बेशिस्तीची ताकीद, आणि ती एकदाच मिळते. काळा झेंडा आणि आपला नंबर दिसला तर वाद न घालता पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाडी थांबवायच्या जागेत, यायचं.

नंबरवरून आठवलं. काही गाड्यांवर मराठी आकडे आणि काहींवर इंग्रजी असं चालू देऊ नका. धुळीत मराठी १ आणि इंग्रजी नऊ, मराठी ५ आणि इंग्रजी चार यांची गल्लत होते आणि लॅप मोजणाऱ्याचा कागद चुकतो. सगळ्यांना एकच लिपी, दोन्ही दारांवर आणि टपावर. लॅप मोजायला दोन माणसं, वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांशी न बोलता.

शिक्षा धडकेनंतर ठरवणं

हा सगळ्यात महागात पडणारा घोळ, आणि मोठ्यांच्याही हातून झालेला. मार्टिन्सविल हा अमेरिकेतला ०.५२६ मैलांचा छोटा ट्रॅक. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथं शेवटच्या लॅपला रॉस चॅस्टेननं गाडी बाहेरच्या भिंतीला घासत पूर्ण वेगात नेली आणि पाच जणांना मागे टाकलं. तिथल्या रेस घेणाऱ्या नॅसकार या संस्थेनं तो निकाल बदलला नाही. पुढच्या जानेवारीत मात्र सांगितलं की यापुढे असं केलं तर वेळेचा दंड होईल. हीच रीत बरोबर आहे: आधी सांगितलं नाही त्याची शिक्षा मागे जाऊन द्यायची नाही. आणि शिक्षा कसली असावी, याचं उदाहरणही त्यांचंच: ऑगस्ट २०२४ मध्ये रिचमंडच्या ट्रॅकवर ऑस्टिन डिलननं शेवटच्या लॅपला दोघांना ठोकून रेस जिंकली, तेव्हा जिंकणं कायम राहिलं, पण त्या विजयावर मिळणारी प्लेऑफची, म्हणजे हंगामाच्या अखेरच्या निर्णायक टप्प्यातली, जागा काढून घेतली. म्हणजे ज्या लाभासाठी ठोकलं, तो लाभच मिळू दिला नाही.

आपल्याकडे पाचशे-हजाराचा दंड ठेवतात. त्यानं पैसेवाला ड्रायव्हर निर्धास्त होतो आणि गरीब गॅरेजवाला चेपला जातो. दंड क्रमांकात घ्या: ठोकून जितक्या जागा मिळवल्या तितक्या परत आणि वर दोन. मुद्दाम ठोकल्याचं सिद्ध झालं तर दिवसभर बाहेर. या नियमांचा कागद नोंदणीच्या वेळी सही घेऊन हातात द्या.

पंच ठरवताना नातं बघा. कबड्डीत आपल्या गावच्या संघाला आपला पंच देत नाहीत, तोच न्याय इथं. वर्गणी देणारे दादा किंवा ज्यांचं रान आहे ते आप्पा, यांचा मान व्यासपीठावर ठेवा, निर्णयाच्या टेबलावर नाही. तीन पंच बसवा. ज्याचा भाचा-पुतण्या त्या हीटमध्ये आहे त्यानं उठून बाजूला जायचं, आणि हे त्याला सांगायला लागू नये.

परवानगीचं थोडक्यात: सार्वजनिक रस्त्यावर रेस नकोच, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ त्यासाठीच आहे. खाजगी जागेतही पोलिसांना कळवा, रुग्णवाहिका उभी ठेवा आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला एकही प्रेक्षक उभा करू नका. एफएमएससीआय या देशातल्या मोटार स्पोर्ट संघटनेचं लायसन्स असलेला ड्रायव्हर येणार असेल तर तुमची स्पर्धा त्यांच्याकडे मान्यताप्राप्त आहे का हे त्याला आधी खरं सांगा, अनधिकृत स्पर्धेत उतरल्यावर त्याच्यावर कारवाई होऊ शकते.

राहिलं बक्षीस. निकाल लागला की लगेच प्रमुख पाहुण्यांच्या हातून ढाल देऊन मोकळं व्हायची घाई होते, कारण पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं. तात्पुरता निकाल फळ्यावर लावा, खाली लावल्याची वेळ लिहा आणि ३० मिनिटं लेखी तक्रारीसाठी मोकळी ठेवा. एफआयएच्या नियमावलीतही निकालावरच्या तक्रारीला एवढाच वेळ आहे. तक्रार आली तर दोन्ही ड्रायव्हरना समोरासमोर, पाठीराख्यांशिवाय बसवा आणि निर्णय कारणासह लिहून द्या. पाहुण्यांना तोवर चहा द्या.