उगवता हेवीवेट विरुद्ध मुरलेला बॉक्सर: अंदाज बांधताना या चुका टाळा

मोठी लढत जवळ आली की ठाणे-वाशीतल्या बॉक्सिंग क्लासांमध्ये एकच चर्चा असते: पोरगा जिंकणार की अनुभवी गडी? बहुतेक जण दोन आकड्यांवरून निकाल लावून मोकळे होतात, पोराचा अपराजित रेकॉर्ड आणि समोरच्याचं वय. दोन्ही आकडे खरे असतात, पण फसवतात.

विजय मोजू नका, राउंड मोजा

जेतेपदाची लढत 12 राउंडची असते, म्हणजे 36 मिनिटं प्रत्यक्ष मारामारी. पोराचे एकूण राउंड काढा आणि लढतींच्या संख्येने भागा. सरासरी तीनच्या खाली आली, तर आठव्या राउंडला त्याचे पाय कसे चालतात हे अजून कुणीच पाहिलेलं नाही असं धरा. 16 ऑगस्ट 2025ला रियाधमध्ये 20 वर्षांच्या मोझेस इटाउमाने 37 वर्षांच्या डिलियन व्हाइटला दोन मिनिटांच्या आत संपवलं. हातांचा वेग आणि ताकद दिसली, दमाचा प्रश्न तसाच राहिला.

याचं उत्तर अवघड रात्रीच मिळतं. अँथनी जोशुआ 18 लढती आणि 18 नॉकआउट घेऊन एप्रिल 2017मध्ये 41 वर्षांच्या व्लादिमिर क्लिचकोसमोर उतरला. सहाव्या राउंडला तो स्वतः खाली गेला, पुढे सावरला आणि अकराव्याला जिंकला. डॅनियल डुबॉइसही 2020मध्ये 15 पैकी 15 जिंकून आला होता. जो जॉयसने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) पुन्हापुन्हा त्याच्या डाव्या डोळ्यावर टाकला आणि दहाव्या राउंडला डुबॉइस गुडघ्यावर बसला. तेव्हा पोराच्या जुन्या लढती पाहताना त्याने किती ठोसे मारले याच्याआधी किती जॅब खाल्ले ते बघा.

वयाचा आकडा एकटा वाचू नका

लॅरी होम्सचं उदाहरण आम्हाला सगळ्यात शिकवणारं वाटतं. जानेवारी 1988मध्ये तो 38 वर्षांचा होता आणि 21 महिने रिंगबाहेर राहिलेला होता. माइक टायसनने त्याला चौथ्या राउंडला बाद केलं. तोच होम्स फेब्रुवारी 1992मध्ये, 42व्या वर्षी, अपराजित ऑलिम्पिक सुवर्णविजेत्या रे मर्सरला गुणांवर हरवून गेला. वय चार वर्षांनी वाढलं होतं, पण मधल्या काळात तो पुन्हा नियमित लढू लागला होता. पाठ कॉर्नरला लावून तो मर्सरला आत ओढायचा आणि उजवा हात सोडायचा. म्हणून आधी शेवटच्या लढतीची तारीख बघा, जन्मतारीख नंतर.

हायलाइट्सवर विसंबू नका. अनुभवी बॉक्सरच्या शेवटच्या दोन लढती पूर्ण पाहा, विशेषतः सातवा-आठवा राउंड:

- जॅब मारून हात हनुवटीशी परततो की कमरेकडे घसरतो?
- ठोसा मारल्यावर पाऊल बाजूला पडतं की तो सरळ रेषेतच उभा राहतो?
- क्लिंच (समोरच्याला मिठी मारून अडवणं) ठरवून करतो की लटकतो?

तिन्ही उत्तरं वाईट असतील, तर नाव कितीही मोठं असो, त्याची बाजू घेऊ नका. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा: आधी पाय जातात, मग हातांचा वेग; ताकद सगळ्यात शेवटी जाते. नोव्हेंबर 1994मध्ये 45 वर्षांचा जॉर्ज फोरमन मायकल मूररविरुद्ध तिन्ही पंचांच्या कार्डांवर मागे होता आणि तरी दहाव्या राउंडला नॉकआउटने जिंकला.

वजन आणि पवित्रा

व्यावसायिक हेवीवेट 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोच्या पुढे सुरू होतो आणि वरची मर्यादा नाही. त्यामुळे दोघांच्या वजनातल्या फरकापेक्षा ज्याची त्याची जुन्या वजनाशी तुलना करा. अँडी रुइझ जून 2019मध्ये 268 पौंडांवर जिंकला, डिसेंबरमध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याशी परतीच्या लढतीत 283.5 पौंडांवर आला आणि गुणांवर हरला.

समोरचा डावखुरा असेल तर अंदाज पुन्हा मांडा. एप्रिल 2023मध्ये 39 वर्षांच्या झांग झिलेईने सरळ डाव्या हाताने अपराजित जॉयसचा उजवा डोळा सुजवला. सहाव्या राउंडला लढत थांबवावी लागली. पोराने आजवर किती डावखुऱ्यांशी दोन हात केलेत ते मोजा, आणि त्या लढतींत पुढचं पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या पावलाबाहेर कोणाचं राहतं तेही बघा.

लढत सुरू असताना अंदाज चुकतोय असं वाटलं तर

आवाज बंद करा. समालोचक पोराच्या हुकलेल्या ठोशालाही दाद देतात आणि तुमचं मत वाहून जातं. कागदावर राउंडगणिक 10-9 लिहा (राउंड जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला 9), खाली पाडलं तर साधारण 10-8. चौथ्या राउंडअखेर दोघांत अंतर कोण ठरवतोय ते बघा: पोरगा मागे सरकत असेल आणि मुरलेल्याचा जॅब अजून लागत असेल, तर पहिल्या राउंडच्या धडाक्यावर बांधलेला अंदाज तिथेच बदला.