मोबाइलवरची मनाची चाचणी: आकड्यावर किती भिस्त ठेवावी?

गणपती गेले, चाकरमानी मुंबईला परतले, घर रिकामं झालं. अशा रात्री मोबाइलवर 'तुम्हाला डिप्रेशन आहे का?' समोर येतं आणि पाच मिनिटांत 'मध्यम ते तीव्र' असा शिक्का हातात पडतो. तो शिक्का कसा वाचायचा ते पाहू.

आधी चाचणी कुठली ते बघा. औदासीन्यासाठी डॉक्टरही वापरतात ती पीएचक्यू-९: नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७ गुण. चिंतेसाठी जीएडी-७, एकूण २१. दोन्हींत विचारलेलं असतं ते फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल. प्रश्नावलीचं नाव नाही, मुदत नाही आणि निकालाआधी फोन नंबर किंवा पैसे मागतात, ती चाचणी तिथेच बंद करा.

भरताना कॅलेंडर समोर ठेवा. १४ पैकी सातहून जास्त दिवस त्रास झाला तर २, जवळजवळ रोज झाला तर ३. भांडण झालेल्या रात्री भरलीत तर सगळा पंधरवडा काळाच दिसणार. मराठी भाषांतरही तपासा. 'खाली वाटणे' असलं यंत्रानं केलेलं मराठी दिसलं, तर 'मन उदास राहणे' असं समजून उत्तर द्या.

आता खरी मेख. पंधरवडाभर मासेमारीच्या ट्रॉलरवर काढून आलेला खलाशी घ्या. झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २. झाले १०, आणि १० पासून 'मध्यम' सुरू! पण पहिले दोन प्रश्न, कशात रस न वाटणं आणि उदास वाटणं, दोन्ही शून्य. म्हणून बेरजेआधी हे दोन बघा. त्यांतल्या एकालाही २ किंवा ३ नसतील, तर आकडा कदाचित शरीराचा किंवा कामाचा थकवा दाखवत असेल. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता, रोजची दारू यांनीही हेच प्रश्न भरतात. रक्ताची तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

१० हा आकडा म्हणजे 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच, निदान नव्हे. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेषेची अचूकता ८८ टक्के होती, आजारी ओळखण्यातही आणि निरोगी ओळखण्यातही. तरी हिशोब करा: १०० जणांनी भरली, त्यांतले १० खरंच आजारी. त्यांतले सुमारे ९ सापडतील, पण उरलेल्या ९० मधल्या ११ जणांनाही तोच निकाल मिळेल. उलट, कमी गुण आले म्हणून निर्धास्त होऊ नका. घरच्यांसमोर भरलेली चाचणी कमी येऊ शकते. पीएचक्यू-९ मध्ये अतिउत्साहाबद्दल एकही प्रश्न नाही, त्यामुळे बायपोलर आजारातलं (कधी उदासी, कधी अतिउत्साह) औदासीन्यही त्यात साधं औदासीन्य म्हणूनच दिसतं. आकडा बघून ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणू नयेत त्या एवढ्यासाठी. चुकीच्या गोळीनं अशा माणसाची झोप उडून उन्माद चढू शकतो.

नवव्या प्रश्नाला मात्र बेरीज लागत नाही. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येत असतील, १ गुण असला तरी आजच कुणाशी बोला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मोफत, चोवीस तास. फवारणीची औषधं आणि गोळ्यांचा साठा घरच्यांनी कुलपात ठेवावा, माणसाला एकटं सोडू नये.

दाखवायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात, किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत. नावाला बिचकू नका, ओपीडीत दाखवून माणूस घरी परततो. देवाला गाऱ्हाणं घातलं असेल तर असू दे, डॉक्टरकडे जायला त्याची आडकाठी नाही. नुसती बेरीज सांगू नका. कुठल्या प्रश्नांना ३ दिले, कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत, ते कागदावर लिहून न्या.

पुन्हा भरायची तर दोन आठवड्यांनी, रोज नको, कारण तेच दिवस पुन्हा मोजले जातात. एक-दोन गुण वरखाली होणारच. उपचार सुरू झाल्यावर ५ गुण उतरले, तर तो फरक धरावा.