आयोनिक लिक्विडमध्ये कार्बन डायऑक्साइड किती मुरला, हे तराजूवर मोजताना

कागदावर हा प्रयोग अगदी सरळ दिसतो. आयोनिक लिक्विड (खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा क्षार) तोलायचे, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे, पुन्हा तोलायचे. वजन वाढले तेवढा वायू शोषला गेला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी विषय म्हणूनच मोहात पाडतो. पण सिलिंडर उघडण्याआधी थोडी आकडेमोड करा.

१-ब्युटिल-३-मिथिलइमिडाझोलियम बिस्ट्रिफ्लिमाइड (पुढे नुसते बीमिम-बिस्ट्रिफ्लिमाइड) घेऊ. २५° से. तापमानाला त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा हेन्री स्थिरांक (वायूचा दाब भागिले द्रवातला त्याचा मोल-अंश, म्हणजे एकूण मोलांतला वाटा) ३३ बारच्या आसपास आहे. म्हणजे १ बार दाबाला द्रवातला वायूचा मोल-अंश जेमतेम ०.०३. ५ ग्रॅम द्रव म्हणजे ११.९ मिलिमोल, त्यात मुरणारा वायू सुमारे ०.३७ मिलिमोल, म्हणजेच १६ मिलिग्रॅम. आता त्याच ५ ग्रॅममध्ये ०.३ टक्के पाणी राहून गेले असेल, तर ते १५ मिलिग्रॅम भरते. कोरडा वायू तासन्‌तास सोडला की हे पाणी हळूहळू त्याच्याबरोबर निघून जाते आणि वजन वाढण्याऐवजी जागच्या जागी राहते. दुसरी गोची फ्लास्कमधल्या मोकळ्या जागेची. २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये द्रव ३.५ मिली, उरलेल्या २१.५ मिलीत नायट्रोजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरला, की नुसत्या घनतेच्या फरकाने १४ मिलिग्रॅम वाढतात. मोजायचे १६ आणि चुका १४-१५ मिलिग्रॅमच्या! त्यामुळे खरी मेहनत कोरडेपणावर आणि ब्लँकवर (द्रवाविना केलेल्या मोजणीवर) घ्यायची; रसायन त्या मानाने सोपे आहे.

कोणते आयोनिक लिक्विड घ्यावे

या संशोधनाला जोर आला तो १९९९ मध्ये. जोन ब्रेनेके आणि एरिक बेकमन यांच्या गटांनी दाखवले की बीमिमच्या हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटमध्ये दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळतो, पण ते लिक्विड स्वतः वायूच्या बाजूला अजिबात जात नाही. जुने पेपर वाचून तेच हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट बनवायला घेऊ नका. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते तुटून हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुटते. काच पांढुरकी झालेली दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. बिस्ट्रिफ्लिमाइड महाग आहे, पण पाण्यात टिकते, पाण्यापासून वेगळे होते आणि पातळ असते: २५ अंशांना श्यानता (द्रवाचा दाटपणा) ५० मिलिपास्कल-सेकंदांच्या आसपास.

ब्रोमाइड

आधी बीमिमचे ब्रोमाइड बनवायचे, मग त्यातला ब्रोमाइड आयन बदलायचा. १-मिथिलइमिडाझोल ८.२१ ग्रॅम (०.१० मोल) घ्या. जुनी, पिवळट बाटली असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांवरून कमी दाबाखाली डिस्टिल करून घ्या. शेवटी द्रव पिवळा का आला, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. नायट्रोजनखाली २० मिली ॲसिटोनायट्राइलमध्ये ते विरघळवून बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि १-ब्रोमोब्युटेन १५.१ ग्रॅम (११.८ मिली, ०.११ मोल) थेंबाथेंबाने अर्ध्या तासात सोडा. अभिक्रिया उष्णता देते, पण सुरुवातीला गप्प बसते आणि मग एकदम उसळते. सगळे एकदम ओतून हीटिंग मँटल लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण. थेंब संपल्यावर ६०-६५ अंशांवर २४ तास ढवळा. ७० च्या वर नेऊ नका, रंग चढतो. ॲसिटोनायट्राइल काढून इथाइल ॲसिटेटने २० मिलीचे तीन धुणे द्या. वरचा थर टाकून द्या. ब्रोमाइड लगेच घट्ट झाले नाही तरी घाबरू नका, ते बराच वेळ चिकट द्रवाच्या रूपात राहू शकते.

रंग काढायचा असेल तर तो याच टप्प्यावर, पाण्यातल्या द्रावणात सक्रिय कोळसा घालून. अंतिम द्रवावर कोळसा किंवा ॲल्युमिना वापरला, तर त्याचे बारीक कण मागे राहतात आणि श्यानतेचे, स्पेक्ट्रमचे आकडे बिघडवतात. फिकट पिवळा रंग वायूच्या शोषणात फारसा फरक करत नाही. ब्रोमाइड आणि पाणी मात्र करतात.

ऋण आयन बदलणे आणि धुणे

१०.९६ ग्रॅम ब्रोमाइड (०.०५० मोल) २५ मिली पाण्यात, लिथियम बिस्ट्रिफ्लिमाइड १५.०७ ग्रॅम (५ टक्के जास्त) २० मिली पाण्यात. दोन्ही एकत्र करून चार तास ढवळा. खाली बसतो तो आपला थर, घनता १.४३. दर वेळी २० मिली पाणी घेऊन पाच-सहा वेळा धुवा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. जराही धूसर झाले तर आणखी धुवा. थर नीट सुटत नसतील तर थोडे डायक्लोरोमिथेन घाला, नंतर उडवून टाका. सैद्धांतिक उत्पादन २०.९७ ग्रॅम, धुण्यात थोडे जाणारच. हात आखडता घेऊन दोनच धुणी दिली, तर उरलेल्या ब्रोमाइडने श्यानता वाढते आणि मग वायू आत शिरायलाही वेळ लागतो.

वाळवणे

रोटरी इव्हॅपोरेटरवरून काढलेला द्रव कोरडा नसतो. ७० अंशांवर, ०.१ मिलिबार किंवा त्याखाली, चुंबकाने ढवळत २४ तास ठेवा. न ढवळता ठेवलात तर फक्त पृष्ठभाग वाळतो. कार्ल फिशरवर (पाणी मोजण्याच्या टायट्रेशनवर) १०० पीपीएमच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ५ ग्रॅमला १०० पीपीएम म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, तेवढे खपते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघडी बाटली ठेवली तर द्रव हवेतले पाणी भराभर ओढतो. 'पाण्यात न मिसळणारा' म्हणून गाफील राहू नका, त्यात एक टक्क्याहून जास्त पाणी मावते.

वायूची लाइन

सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड कोरडा असेल असे धरून चालू नका. तो सिलिका जेल किंवा ३-ए मॉलिक्युलर सिव्हच्या नळकांड्यातून आणा. ४-ए, ५-ए किंवा १३-एक्स नको, ते कार्बन डायऑक्साइडच पकडून ठेवतात. सोडा लाइम, पोटॅशचे गोळे, कळीचा चुना यांपैकी काहीही लाइनमध्ये घातले तर पलीकडे पोचणाऱ्या वायूत काहीच उरणार नाही. हे लिहावे लागते, कारण 'वायू वाळवायचा म्हणजे केओएच' (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ही सवय हातात बसलेली असते. सिलिकॉन रबराची नळी लांबलचक वापरू नका, तिच्या भिंतीतून ओलावा आत येतो. टेफ्लॉन किंवा स्टीलची नळी चांगली. सांध्यांना ग्रीस लावू नका, टेफ्लॉनचे कॉक वापरा. प्रवाह मिनिटाला ३० मिलीच्या आसपास. बाहेर जाणारा वायू फ्यूम हूडमध्ये सोडा. तो हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खाली साचतो आणि गुदमरवतो.

तोलण्याचा क्रम

२५ मिलीचा, दोन कॉक असलेला फ्लास्क घ्या. आधी तो रिकामाच कोरड्या नायट्रोजनने भरून तोला, मग कार्बन डायऑक्साइडने भरून तोला. फरक १६ मिलिग्रॅमच्या जवळ येईल. हा तुमचा ब्लँक. तो द्रवाने व्यापलेल्या जागेनुसार कमी करायचा: २५ पैकी २१.५ मिली, म्हणून १४.

आता ५ ग्रॅम द्रव आणि टेफ्लॉनचा छोटा चुंबक आत घाला. ६० अंशांवर एक तास व्हॅक्यूम द्या, थंड झाल्यावर कोरडा नायट्रोजन भरून तोला. फ्लास्क २५.० अंशांच्या बाथमध्ये ठेवून वायू सुरू करा. दर १५ मिनिटांनी दोन्ही कॉक बंद करून फ्लास्क बाहेर काढा, पुसा, दहा मिनिटे तराजूजवळ ठेवा आणि मग तोला. लागोपाठ तीन वजनांतला फरक अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत आला की समतोल झाला असे माना.

पुसण्याच्या कामात पहिल्या दिवशी सगळेच फसतात. बाथमधून काढलेल्या काचेवर पाण्याचा न दिसणारा थर राहतो, आणि दमट हवेत तो काही मिलिग्रॅमचा असू शकतो. त्यावर उपाय जुनाच: तसाच दुसरा बंद फ्लास्क बाथमध्ये शेजारी ठेवा, प्रत्येक वेळी त्यालाही काढा, पुसा, तोला आणि त्याच्या वजनातला चढउतार पहिल्यातून वजा करा.

समजा एकूण वाढ ३० मिलिग्रॅम आली. १४ वजा, उरले १६. ०.३६ मिलिमोल, मोल-अंश ०.०३०, हेन्री स्थिरांक ३३-३४ बार. दाब मात्र बॅरोमीटरवरून घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. १ बार धरून हिशेब केला तर पाच टक्क्यांची चूक आयती पदरात पडते. प्रयोगानंतर त्याच द्रवाचे कार्ल फिशर पुन्हा करा. पाणी बदलले असेल तर आकडा दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता प्रयोग पुन्हा करा.

या आकड्याचा अर्थही सरळ आहे. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२-१५ टक्के असतो, म्हणजे त्याचा आंशिक दाब ०.१३ बारच्या आसपास. तिथे हा द्रव वजनाच्या ०.०४ टक्के वायू घेईल. उलट ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइनचे पाण्यातले द्रावण, मोलमागे अर्धा मोल धरला तर, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घेते. नुसते विरघळवणारी आयोनिक लिक्विड्स चिमणीसाठी नाहीत, ती उच्च दाबाच्या वायूसाठी आहेत. चिमणीसाठी अमाइन गट जोडलेली घ्यावी लागतात. २००२ मध्ये जेम्स डेव्हिस यांच्या गटाने ती वाट दाखवली.

अमाइन असलेले: टेट्राब्युटिलफॉस्फोनियम ग्लायसिनेट

हे बनवायला सोपे आणि आकडा मोठा, त्यामुळे विद्यार्थ्यांनी खरे तर इथूनच सुरुवात करावी. टेट्राब्युटिलफॉस्फोनियम हायड्रॉक्साइडचे ४० टक्के पाण्यातले द्रावण १३.८ ग्रॅम (०.०२० मोल), ग्लायसिन १.५८ ग्रॅम (०.०२१ मोल). बाटली जुनी असेल तर हायड्रॉक्साइडने हवेतून कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट केलेले असते. फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज अशी दोन टप्प्यांची टायट्रेशन करून खात्री करा. खोलीच्या तापमानाला १२ तास ढवळा. ग्लायसिन घालण्याआधी तापवू नका, फॉस्फोनियम हायड्रॉक्साइड तुटून फॉस्फिन ऑक्साइड तयार होते. पाणी ५०-६० अंशांवर काढा, ॲसिटोनायट्राइल-मिथेनॉल ९:१ घालून जास्तीचे ग्लायसिन गाळा, मग ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये दोन दिवस. कार्ल फिशरच्या मिथेनॉलमध्ये बेंझोइक आम्ल घाला, नाहीतर हा अल्कधर्मी द्रव एंड पॉइंट येऊच देत नाही.

२ ग्रॅम म्हणजे ६.० मिलिमोल. कोरड्या अवस्थेत दोन अमाइन मिळून एक रेणू धरतात (एक कार्बामेट होतो, दुसरा त्याचा प्रोटॉन घेतो), म्हणून ३.० मिलिमोल, १३२ मिलिग्रॅम. ब्लँकची चूक इथे किरकोळ. मात्र पाण्याने इथे वेगळाच घोटाळा होतो. सुमारे १ टक्का पाणी असताना शोषण मोलास मोल होते, असे बीजिंगच्या गटाने २००६ मध्ये नोंदवले. म्हणजे 'दुप्पट' आकडा आला तर आनंद मानण्याआधी ओलावा तपासा.

दुसरी अडचण, वायू घेता घेता द्रव काकवीसारखा होतो, मग जेल. चुंबक अडकतो आणि वजन ४०-५० मिलिग्रॅमवरच थांबते. तो समतोल नव्हे. २ ग्रॅम द्रव २० मिली इथेनॉलमध्ये विरघळवून, १५० अंशांवर वाळवलेल्या ४ ग्रॅम सिलिका जेलवर चढवा, इथेनॉल उडवा, व्हॅक्यूममध्ये वाळवा. थर पातळ असल्याने वायू लवकर पोचतो. नुसत्या सिलिकाचा ब्लँक वेगळा घ्या.

परत सोडवण्यासाठी ८० अंश आणि व्हॅक्यूम, तीन-चार तास. वजन मूळ आकड्यावर आले नाही तर वायू अजून आत आहे. मूळ आकड्याखाली गेले तर पहिल्या वेळी पाणी राहिले होते, आणि पहिल्या फेरीचा निकाल वापरायचा नाही. उरलेला माल नायट्रोजनखाली बंद ठेवा, झाकण सैल राहिले तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड कपाटात बसूनच घेत राहतो.