रोबोटचं न्यूमॅटिक्स: लहान बोअर घ्या, गळती शोधा

स्पर्धेच्या रोबोटचा हात दाबलेल्या हवेने (न्यूमॅटिक्सने) हलवायचा आणि ताकद हवी म्हटलं, की मुलं आधी हवेने रॉड ढकलणारा जाडजूड सिलिंडर उचलतात. मी तो खाली ठेवायला लावतो आणि कागद पुढे करतो. जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. 60 पीएसआयला (दर चौरस इंचावर 60 पाउंड दाब) 20 मिमी बोअर, म्हणजे आतला व्यास, साधारण 13 किलोंचा जोर देतो, 40 मिमी 53 किलोंचा. पण तो हवाही चौपट खातो. सामन्याच्या मध्यावर टाकी रिकामी झाली तर तो जोर काय चाटायचा? लागतो त्याच्या दीडपट मिळाला की पुरे. ओढायचं काम असेल तर रॉडने अडवलेलं क्षेत्रफळ वजा करा. दाबाची मर्यादा स्पर्धेगणिक बदलते. एफआरसीत (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन) साठवणीला 120 आणि कामाला 60 पीएसआय चालतं, म्हणून खरेदीआधी नियमावली वाचा.

व्हॉल्व्ह घेताना स्वतःला विचारा: वीज गेली तर यंत्राचा हात कुठे असावा? सोलेनॉइड म्हणजे वीज दिली की व्हॉल्व्ह सरकवणारी कॉइल. सिंगल सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने मूळ जागी येतो, डबल आहे तिथेच थांबतो. पायलटवाल्याला, म्हणजे हवेच्याच दाबाची मदत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, सरकायला किमान दाब लागतो. दाब उतरला की तो नुसता टकटकतो, आणि पोरं कोडमध्ये चूक शोधत बसतात.

सिलिंडर दोन्ही टोकांना पिनवर फिरता ठेवा. फिरत्या हाताला तो घट्ट आवळला तर रॉड वाकतो, सील एकाच बाजूने झिजतं.

खरा वेळ खाते ती गळती. ट्यूब कात्रीने कापली की टोक चेपतं, तिरकं होतं. कटरने काटकोनात कापा. फिटिंगमध्ये (ट्यूब जोडायच्या सांध्यात) ढकलताना आधी थोडा अडथळा जाणवतो. तिथे थांबू नका, तळाला टेकेपर्यंत दाबा आणि ओढून बघा. काढताना फिटिंगच्या तोंडाची रिंग दाबून धरा. टोकावर ओरखडे असतील तर तेवढा तुकडा छाटून मगच पुन्हा लावा. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा, पहिला आटा मोकळा सोडून. सुटलेली चिंधी थेट व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते.

मग टाकी भरून कॉम्प्रेसर बंद करा. भरताना तापलेली हवा निवली की काटा थोडा उतरणारच, म्हणून जरा थांबून आकडा लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. घसरला असेल तर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा, तारांपासून जपून.

सराव संपला की टाकीतलं पाणी काढा. आत हात घालण्याआधी डंप व्हॉल्व्ह (सगळी हवा बाहेर सोडणारा) उघडून साठवणीचं आणि कामाचं, दोन्ही गेज शून्यावर आणा. कॉम्प्रेसर बंद असला तरी दाब तसाच असतो. हवा सोडतानाही गॉगल डोळ्यांवरच हवा.